झेंड्यावर नाव कोणाचं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांपैकी एक म्हणून रविवार, ४ ऑगस्ट २०२४ रोजी सायंकाळी तळमजल्यावरच्या सभागृहात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे. बोलीचा बाज तसाच ठेवला आहे.)



गेल्या महिन्याच्या सभेत एक सूचना आली. यंदा सोसायटीला पंचवीस वर्षं होताहेत, तर १५ ऑगस्टला आपल्या ९६ घरांपैकी प्रत्येक घराला एक तिरंगा द्यावा आणि त्याच्या पांढऱ्या पट्ट्यात, चक्राच्या खाली, सोसायटीचं नाव आणि 'रौप्यमहोत्सव - २५ वर्षे' असं छापून घ्यावं. पुरवठादाराने नमुन्याचा फोटोही पाठवला, तो आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले, काहींनी हात जोडले. मग समितीतल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की हे गृहस्थ तीस-पस्तीस वर्षं कापड गिरणीच्या रंगखात्यात होते, त्यांनाच बोलायला उभं करावं. म्हणून मी इथे उभा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहाची घाई आहे त्यांची अडचण नको. घरोघरी झेंडा जरूर द्यावा. त्यावर आपलं नाव घालू नये. पंचवीसचा आकडाही घालू नये.

सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली भारतीय ध्वजसंहिता याबाबत स्पष्ट आहे. राष्ट्रध्वजावर कोणत्याही प्रकारची अक्षरं असता कामा नयेत. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे, त्यातही ध्वजावर लिखाण करणं हा अवमान मानला आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. एवढं सांगून मी खाली बसलो तरी काम होईल. पण कायद्याच्या धाकाने तुम्ही मान डोलवावी असं मला वाटत नाही. झेंड्यावर अक्षर का नाही, हे आपल्याला पटलं पाहिजे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या सुरुवातीच्या झेंड्यांवर अक्षरं होती. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्ट इथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाईजी कामा यांनी भारताचा झेंडा फडकावला. वरच्या हिरव्या पट्ट्यात आठ कमळं, मधल्या पट्ट्यात देवनागरीत 'वंदे मातरम्', खालच्या लाल पट्ट्यात सूर्य आणि चंद्र. तो झेंडा आपल्या पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. पुढच्या वेळी पुण्याला नातेवाइकांकडे जाल तेव्हा मुलांना घेऊन जा.

पुढे १९१७ साली होमरूल चळवळीत लोकमान्य टिळक आणि अॅनी बेझंट यांनी वेगळा झेंडा वापरला. पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, एका कोपऱ्यात चंद्रकोर आणि चांदणी आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! त्या वेळी मागणी साम्राज्याच्या आत राहून स्वराज्याची होती, ती मागणी झेंड्यावर तशीच उतरली. प्रत्येकाला वाटायचं, आपली गोष्ट झेंड्यावर आली पाहिजे. आपल्या सूचनेमागे जी भावना आहे, तीच ही भावना. फार जुनी आणि फार साहजिक.

१९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना एक आराखडा दाखवला. त्यात लाल आणि हिरवा असे दोन रंग होते. गांधीजींच्या सांगण्यावरून पांढरा आला, चरखा आला. १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असा झेंडा स्वीकारला. आणि २२ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला जेमतेम तीन आठवडे असताना, संविधान सभेत पंडित नेहरूंनी आजच्या राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. तो ठराव इंग्रजीत आहे, पण वरच्या रंगासाठी त्यात आपला 'केसरी' हा शब्द घातलेला आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

आता चरख्याचं काय झालं, ते बघा. १९४७ साली चरखा गेला आणि त्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं. ठरावात असं म्हटलं आहे की हे चक्र चरख्याचंच प्रतीक आहे. मग चरखाच का नाही ठेवला? नेहरूंनी सभेत जे कारण सांगितलं ते माझ्यासारख्या कापडातल्या माणसाला फार आवडतं. चरख्याला एका बाजूला मोठं चाक असतं, दुसऱ्या बाजूला चाती. झेंड्याच्या एका अंगाने बघितलं तर चाक डावीकडे दिसणार, दुसऱ्या अंगाने बघितलं तर उजवीकडे. झेंडा म्हणजे काही भिंतीवरचं चित्र नाही. तो वाऱ्यावर असतो, त्याला दोन्हीकडून माणसं बघत असतात. जे दोन्हीकडून सारखं दिसतं तेच झेंड्यावर टिकतं. चक्र दोन्हीकडून सारखंच दिसतं.

आता आपल्या नमुन्याकडे परत या. पातळ पॉलिस्टरवर सोसायटीचं नाव एका बाजूने छापलं, तर मागून ते उलटं दिसणार. ए विंगवाल्यांना नाव सुलट, सी विंगवाल्यांना आरशातलं. (हशा) मी थट्टा करतोय असं समजू नका. झेंड्याचं डिझाइन करताना पहिला प्रश्न हाच असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या झेंड्यावर देशाचंही नाव नाही. सनही नाही. १९४७ असं कुठेही लिहिलेलं नाही. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली १९७२ साली, ५० झाली १९९७ साली, ७५ झाली २०२२ साली. तिन्ही वेळा देशभर सोहळे झाले, पण झेंडा तोच राहिला. अमृत महोत्सवासाठी वेगळं बोधचिन्ह तयार केलं, ते फलकांवर आलं, पत्रकांवर आलं, झेंड्यावर नाही आलं.

मग सन कुठे लिहायचं? ज्यांना टपाल तिकिटांचा नाद आहे त्यांना ठाऊक असेल. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं, साडेतीन आण्यांचं. त्यावर फडकता तिरंगा आहे. 'जय हिंद' आहे, १५ ऑगस्ट १९४७ ही तारीखही आहे. पण ती अक्षरं झेंड्याच्या कापडावर घातलेली नाहीत, शेजारच्या मोकळ्या जागेत आहेत. १९७२ साली रौप्यमहोत्सवाचं ५० पैशांचं नाणं निघालं. आमच्या पिढीने ते वापरलंय, कोणाच्या डब्यात अजून असेलही. तिथेही वर्धापनाचा उल्लेख नाण्यावर. म्हणजे सोहळ्याची तारीख घालायला तिकीट आहे, नाणं आहे, स्मरणिका आहे, पेढ्याचं खोकं आहे. झेंडा त्यासाठी नाही. तो पुढच्या वर्षीही वापरायचा असतो.

आता थोडं माझ्या विषयाचं. झेंडा तयार कसा होतो?

आपल्याकडे प्रत्येक वस्तूचं मानक असतं, आयएस अमुक, आयएस तमुक. प्रेशर कुकरला असतं, सिमेंटला असतं. या सगळ्या मानकांतला पहिला क्रमांक, आयएस १, कशाचा आहे? राष्ट्रध्वजाचा. १९५१ साली तो तयार झाला, १९६८ पर्यंत त्यात सुधारणा झाल्या. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन. आकार नऊच, सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि सर्वांत लहान, टेबलावरचा, १५० बाय १०० मिलिमीटर. चक्राचा व्याससुद्धा प्रत्येक आकाराला ठरलेला. उदाहरणार्थ ९०० बाय ६०० च्या झेंड्यात प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्र १८५ चं. म्हणजे चक्राच्या वर आणि खाली जेमतेम साडेसात-साडेसात मिलिमीटर पांढरं उरतं. सोसायटीचं नाव घालायला तिथे जागाच ठेवलेली नाही! नमुन्याच्या फोटोत नाव बसलं, कारण चक्र लहान केलेलं आहे. मुलांनो, घरी फोटो पुन्हा नीट बघा.

खादीच्या झेंड्याचं काम कर्नाटकात धारवाड जिल्ह्यात मोठं आहे. १९५६ पर्यंत तो भाग आपल्या मुंबई राज्यातच होता. धारवाडजवळच्या गरग गावात ध्वजाचं कापड हातमागावर विणलं जातं आणि हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या केंद्रात झेंडे तयार होतात. आपल्या महाराष्ट्रात नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही राष्ट्रध्वज बनतात. सूत हाताने कातायचं, हातमागावर विणायचं. मग कापड धुऊन पांढरं करायचं. एक हिस्सा केशरी रंगवायचा, एक हिरवा, एक तसाच पांढरा ठेवायचा. मापाने पट्टे कापायचे. पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी चक्र छापायचं आणि पुढचं चक्र मागच्या चक्रावर बरोबर बसलं पाहिजे, आऱ्यावर आरा. मग तीन पट्टे शिवायचे आणि दोरी घालायची कडेची जाड पट्टी जोडायची. ही पट्टी वेगळ्या विणीच्या जाड खादीची असते, कारण वाऱ्याचा सगळा ओढा तिच्यावरच येतो. शिवाय रंग पक्का आहे का, कापड ताण किती सहन करतं, हे तपासायचं. यात बसला नाही तर तो झेंडा म्हणून विकायचा नाही.

आम्ही गिरणीत एक गोष्ट रोज अनुभवायचो. रंग देणं सोपं असतं, रंग राहणं अवघड. केशरी उन्हात उडतो, उडता उडता पिवळट होतो. हिरवा कच्चा असेल तर पहिल्याच पावसात शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. आणि आपला स्वातंत्र्यदिन येतो तो भर पावसात. तेव्हा पांढरा पट्टा पांढरा ठेवणं ही रंगारी माणसाची खरी परीक्षा असते.

आता पॉलिस्टरबद्दल. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला. त्याआधी झेंडा हातकताईच्या आणि हातविणीच्याच कापडाचा लागायचा. बदलानंतर यंत्रावर केलेला आणि पॉलिस्टरचाही चालू लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये अमृत महोत्सवाची 'हर घर तिरंगा' मोहीम झाली आणि पोस्टात २० बाय ३० इंचांचा झेंडा २५ रुपयांना मिळू लागला. यावर दोन मतं आहेत, आपल्या सोसायटीतही आहेत. खादीवाले म्हणतात, ज्या कापडासाठी लढा झाला तेच बाजूला सारलं, कातणाऱ्या आणि विणणाऱ्या हातांचं काम गेलं. हे म्हणणं मला मनापासून पटतं. पण दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी २०२२ साली आपल्या घराच्या पत्र्यावर झेंडा लावला होता. तो पंचवीस रुपयांचाच होता. खादीचा झेंडा त्यांनी घेतला नसता, परवडलाच नसता. त्यांच्या झेंड्याला मी कमी कसा म्हणू? सामान्य माणसाला वर्षातल्या कोणत्याही दिवशी झेंडा लावता यावा म्हणून नवीन जिंदाल यांनी न्यायालयात लढा दिला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने ध्वज फडकावणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हक्क सगळ्यांचा, तर झेंडाही सगळ्यांच्या आवाक्यातला पाहिजे.

माझा आक्षेप पॉलिस्टरला नाही. बिघडलेल्या झेंड्याला आहे. त्या वर्षी आपल्याच गॅलऱ्यांमध्ये मी काय काय पाहिलं! अंड्यासारखं लांबट चक्र. केशरीत सरकलेलं चक्र. आरे मोजायला गेलो तर कुठे वीस, कुठे बावीस. एक झेंडा तर जवळजवळ चौकोनी. दोष घेणाऱ्यांचा नाही. घाईत माल निघाला आणि बघून घ्यायचं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून यंदा झेंडे आले की वाटण्याआधी चार तपासण्या करू. पुढे बसलेल्या मुलांनाच हे काम देऊ.

एक, टेप लावायची. लांबी ही रुंदीच्या दीडपट आली पाहिजे. वीस इंच असेल तर तीस.

दोन, तिन्ही पट्टे सारखे आहेत का, आणि झेंड्याची मधोमध घडी घातली तर घडीची रेघ चक्राच्या मधून जाते का, ते बघायचं. आडवी घडी घालून बघायचं, उभी घालूनही.

तीन, आरे मोजायचे. चोवीस. मग झेंडा उलटा करून मागूनही चक्र तेवढंच स्पष्ट दिसतं का ते बघायचं.

चार, पांढरा सुती रुमाल ओला करून हिरव्यावर आणि केशरीवर दहा वेळा घासायचा. रुमालाला रंग लागला तर तो झेंडा पावसात टिकणार नाही. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी यंत्र होतं, पण तत्त्व हेच.

यात जो नापास होईल तो पुरवठादाराकडे परत. पैसे त्यानंतरच द्यायचे, हे खजिनदारांनी ध्यानात ठेवावं. (टाळ्या)

गॅलरीत लावण्याबद्दल दोन शब्द. आडवा लावलात तर केशरी वर, हे पोरांनाही माहीत आहे. पण जागा नसली की आपण झेंडा उभा सोडतो. तेव्हा समोर उभं राहून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे. तुम्ही घरात उभे असता आणि बघणारा खाली रस्त्यावर असतो, म्हणून गोंधळ होतो. लावून झाल्यावर एकदा खाली जाऊन बघून या, म्हणजे झालं. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा दिवस-रात्र ठेवायला परवानगी आहे. पण फाटलेला, चुरगळलेला, मळलेला झेंडा लावायचा नाही. आणि झेंड्याच्या जवळ गॅलरीत टॉवेल वाळत घालू नका, हे आता मी वेगळं सांगायला नको.

खरा प्रश्न १५ ऑगस्टचा नाहीच. तो १६ ऑगस्टचा आहे.

१६ तारखेला सकाळी फिरायला बाहेर पडलं की गटारीच्या कडेला, रिक्षा स्टँडवर, शाळेच्या फाटकापाशी कागदी झेंडे पडलेले दिसतात. एक झेंडा उचलावा तर पुढे आणखी दहा. मला प्रत्येक वेळी नंदुरबार आठवतं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथल्या शाळकरी मुलांनी मिरवणूक काढली, पुढे तिरंगा होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची चार मुलं गेली. समोर बसलेल्या आमच्या आठवी-नववीतल्या मुलांच्याच वयाची. त्याआधी १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. मागणी काय होती? फक्त एवढीच, की झेंडा हातात घेऊन रस्त्याने चालू द्या. त्यासाठी देशभरातून माणसं नागपूरला आली आणि तुरुंगात गेली. जमनालाल बजाज गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व केलं. जो झेंडा घेऊन नुसतं चालण्यासाठी माणसं तुरुंगात गेली, तो आपल्याला आज पाच रुपयांत मिळतो आणि दुसऱ्या दिवशी पायाखाली येतो.

ध्वजसंहितेत यावरही सांगितलं आहे. खराब झालेला ध्वज कचऱ्यात टाकायचा नाही, तो खासगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीने पूर्णपणे नष्ट करायचा. खादी किंवा सुती कापड जळून राख होतं. पॉलिस्टर वितळतं, त्याचे थेंब पडतात, काळा धूर होतो. गच्चीवर ९६ पॉलिस्टरचे झेंडे जाळणार का? म्हणून पॉलिस्टरच्या झेंड्याचा खरा मान म्हणजे तो जपून वर्षानुवर्षं वापरणं. आणि म्हणूनच त्यावर '२५ वर्षे' छापू नका. ते छापलं की सव्विसाव्या वर्षी झेंडा जुना झाला, आणि ९६ घरांतून ९६ झेंडे बाहेर आले. कोरा तिरंगा तिसाव्या वर्षीही ताजाच असेल.

मग आपल्या रौप्यमहोत्सवाचं काय? पंचवीस वर्षं म्हणजे थोडं नाही. १९९९ साली नोंदणी झाली तेव्हा पाणी टँकरचं होतं, रस्ता मातीचा होता. पहिला ध्वजवंदनाचा खांब आपण बांधकामातून उरलेल्या जीआय पाइपचा उभा केला होता, हे इथे बसलेल्या पाच-सहा जणांना तरी आठवत असेल. याची खूण पाहिजेच. ती खूण आपण आपल्या वेगळ्या झेंड्यावर घालू. तो राष्ट्रध्वज नाही, आपला सोसायटीचा. मुलांची स्पर्धा घेऊ, मोठ्यांनीही भाग घ्यावा. नियम चारच.

अक्षरं नकोत, कारण मागून उलटी दिसतात. रंग दोन, फार तर तीन. केशरी-पांढरा-हिरवा ही मांडणी घ्यायची नाही, तिची नक्कल नको. आणि चित्र असं हवं की चौथ्या मजल्यावरच्या आजींना चष्मा न लावता खालचा झेंडा ओळखू आला पाहिजे. फाटकाजवळची चिंच घ्या, पाण्याची टाकी घ्या, तीन विंगची तीन चौकोनी घरं घ्या. जे सोपं असेल ते निवडू. हा झेंडा तिरंग्याच्या खांबावर लावायचा नाही. एका खांबावर दोन झेंडे चालत नाहीत. तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीनेही नको. मागे क्लबच्या भिंतीवर खाली लावू, आणि २५ चा आकडा लिहायचाच असेल तर त्याच्या खालच्या पाटीवर लिहू.

समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मधल्या ओट्यावर फडकवण्यासाठी सोसायटीच्या खर्चाने खादीचा एक मानांकित झेंडा घ्यावा, १३५० बाय ९०० मिलिमीटरचा. तो सकाळी झटकन चढवायचा, संध्याकाळी सावकाश उतरवायचा. पाऊस लागला तर सभागृहात सावलीत पूर्ण वाळवायचा आणि मग घडी घालायची. केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, म्हणजे वर चक्र राहतं. दुसरी, घरोघरी द्यायचे झेंडे कोरे, चार तपासण्या झालेले, आणि सोबत एक कागदी पाकीट, त्यावर घर क्रमांक लिहिलेला. झेंडा त्यात ठेवायचा आणि २६ जानेवारीला पुन्हा काढायचा. तिसरी, १६ ऑगस्टला सकाळी सात ते आठ आपल्या फाटकापासून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत पडलेले झेंडे गोळा करायचे. कागदी आणि सुती झेंडे मी स्वतः मागच्या बाजूला नीट नष्ट करीन. पॉलिस्टरचे चांगले निघाले तर धुऊन, इस्त्री करून ठेवू. रस्त्याच्या पलीकडे बांधकामावर राहणारी जी कुटुंबं आहेत त्यांना ते हवे असतील, तर प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी देऊ.

१६ तारखेसाठी मला बारा माणसं लागतील. लहान मुलांबरोबर घरचं एक मोठं माणूस हवं, रस्त्याचा मामला आहे. वॉचमनकाका आधीच हो म्हणालेत, म्हणजे अकराच उरले. नावं सेक्रेटरींकडच्या वहीत लिहा. हातमोजे मी आणतो.

चहा तयार झालेला दिसतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!